लिव्हरची सहामाही

सोनोग्राफीच्या टेबलावरून उठताना, पोटावरची जेली पुसत, जवळजवळ प्रत्येक पेशंट एकच विचारतो: "नॉर्मल आहे ना, डॉक्टर?" बहुतेकांना मी मोकळेपणानं हो म्हणते. पण काही पेशंटना नुसतं "नॉर्मल आहे" एवढंच सांगायची मला धास्ती वाटते. तो शब्द ते घरी घेऊन जातात आणि मग वर्षानुवर्षं फिरकत नाहीत.

सोलापूरच्या पूर्व भागातले एक अण्णा होते. सगळं आयुष्य पॉवरलूमवर गेलेलं. हिपॅटायटिस बी होता, लिव्हर आकसायला लागलं होतं, पण गाठ कुठेच नव्हती. रिपोर्टच्या तळाशी मी इंग्रजीत एक ओळ लिहिली, सहा महिन्यांनी पुन्हा तपासा म्हणून. समोर बसवून सांगितलं नाही. ती माझी चूक. अण्णा परत आले ते सव्वादोन वर्षांनी. पोट पाण्यानं भरलेलं, लिव्हरच्या उजव्या भागात ८ सेंटिमीटरची गाठ, आणि ती मोठ्या शिरेत शिरलेली. त्यांच्या पत्नी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "मागच्या टायमाला नॉर्मल होतं की." खरंच होतं. त्या पहिल्या दिवशी त्यांना जे सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते आहे.

लिव्हरच्या कॅन्सरची एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे: तो कुणाला होऊ शकतो हे बऱ्यापैकी आधी कळतं. इथे मी लिव्हरच्या स्वतःच्या पेशीतून सुरू होणाऱ्या कॅन्सरबद्दल बोलते आहे. डॉक्टर त्याला एचसीसी म्हणतात. आतड्याचा किंवा स्तनाचा कॅन्सर पसरून लिव्हरमध्ये येतो, ते प्रकरण वेगळं. एचसीसीच्या दर दहा पेशंटपैकी आठ-नऊ जणांचं लिव्हर आधीच सिरॉसिसनं खराब झालेलं असतं. धडधाकट लिव्हरमध्ये हा कॅन्सर क्वचित उगवतो.

सिरॉसिस म्हणजे काय, हे आपल्या रेगडी जमिनीवरून सांगते. निरोगी लिव्हर पेरणीसाठी तयार केलेल्या रानासारखं मऊ आणि एकसारखं असतं. विषाणू, दारू किंवा साठलेली चरबी त्यातल्या पेशी रोज थोड्या थोड्या मारत राहते. लिव्हर नव्या पेशी तयार करतं, ही त्याची मोठी ताकद. पण प्रत्येक जखमेबरोबर थोडा वण मागे राहतो. वीस-तीस वर्षांत या वणांच्या दोऱ्या सगळीकडे पसरतात, मधल्या पेशींचे गोळे बनतात आणि ते रान ढेकळांचं होऊन जातं. शिवाय मरणाऱ्या पेशींची जागा भरायला उरलेल्या पेशी सतत दुणावत असतात. प्रत्येक वेळी पेशीतल्या मजकुराची नक्कल होते, नक्कल जितक्या वेळा तितक्या चुका जास्त, आणि त्यातली एखादी चूक कॅन्सरची निघते. सिरॉसिसच्या १०० पेशंटपैकी साधारण १ ते ४ जणांना दर वर्षी हा कॅन्सर होतो. आकडा लहान दिसतो, पण तो दर वर्षीचा आहे. दहा वर्षांचा हिशेब करून बघा.

हिपॅटायटिस बीचं मात्र निराळं आहे. हा विषाणू आपली जनुकं थेट आपल्या पेशीच्या जनुकांत घुसवतो, त्यामुळे सिरॉसिस होण्याआधीही कॅन्सर होऊ शकतो. म्हणून बी असलेल्या आशियाई पुरुषांनी चाळिशीनंतर आणि बायकांनी पन्नाशीनंतर, सिरॉसिस असो-नसो, तपासणी सुरू करावी असं सांगतात. घरात कुणाला लिव्हरचा कॅन्सर झाला असेल तर त्याही आधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात जवळपास ३ कोटी लोकांना हिपॅटायटिस बी आणि ५५ लाखांना सी होता. यातल्या बहुतेकांना ते माहीत नाही. बी अनेकदा बाळंतपणात आईकडून बाळाकडे जातो. बाळपणी लागण झाली तर दहापैकी नऊ जणांत तो कायमचा मुक्काम करतो. मोठेपणी झाली तर शंभरातल्या पाचांहूनही कमी जणांत.

"आम्ही माळकरी, दारूला हात लावत नाही"

हे वाक्य मी पंढरपूर, मोहोळ, मंगळवेढ्याकडच्या पेशंटकडून कितीदा ऐकलं असेल. सिरॉसिस शब्द उच्चारला की घरातली माणसं एकमेकांकडे बघतात आणि पेशंटची मान खाली जाते. जणू कुणी त्याच्या माळेवरच संशय घेतला. दारूनं लिव्हर जातं हे खरंच आहे, हातभट्टीनं तर आपल्याकडे घरंच्या घरं बसली. पण दारूचा थेंबही न घेतलेल्यांचं लिव्हरही आकसतं. बी आणि सी हे विषाणू माळ बघून येत नाहीत. आणि आता तिसरं कारण वेगानं वाढतंय: फॅटी लिव्हर. सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आलं की लोक हसून सोडून देतात, "सगळ्यांनाच असतं" म्हणून. सगळ्यांना त्यातून सिरॉसिस होत नाही, हे बरोबर. पण ज्याला डायबिटीस आहे, पोट सुटलंय, त्याच्यात वणांचं काम मुकाट चालू असू शकतं. डायबिटीसमुळे लिव्हरच्या कॅन्सरचा धोकाही साधारण दुप्पट-तिप्पट होतो.

दारूच्या या लाजेपायी लोक तपासणी लपवतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. काळजी तर दारू पिऊन लिव्हर खराब झालेल्याचीही तितकीच घ्यायला हवी. त्यालाही घरी लेकरं असतात.

मग लिव्हर आकसलंय हे कळणार कसं? त्याच्या आतल्या भागाला दुखणंच कळत नाही, ते कळतं फक्त वरच्या आवरणाला. पण एक खूण आपल्या कपाटातल्या जुन्या रिपोर्टमध्ये पडून असते: प्लेटलेट. आपल्याकडे प्लेटलेट कमी आल्या की पहिला शब्द डेंग्यू, आणि दुसरा पपईच्या पानांचा रस. तापात उतरल्या आणि महिन्याभरात भरून आल्या तर विषय संपला. पण ताप नाही आणि वर्षभर दर वेळी प्लेटलेट ९० हजार, १ लाख, १ लाख १० हजार अशाच येत असतील तर लिव्हरकडे बघायलाच हवं. वणांमुळे लिव्हरमधून रक्त नीट पुढे सरकत नाही, ते मागे तुंबतं, पाणथरी म्हणजे प्लीहा फुगते आणि प्लेटलेट अडवून ठेवते.

यावर बेतलेला एक साधा हिशेब आहे, फिब-४ नावाचा. त्यातले एएसटी आणि एएलटी हे लिव्हरच्या रक्ततपासणीतले दोन आकडे. वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं वर्गमूळ. समजा वय ५८, एएसटी ६२, एएलटी ४९, प्लेटलेट १ लाख १० हजार. ५८ गुणिले ६२ म्हणजे ३५९६. ४९ चं वर्गमूळ ७, त्याला ११० नं गुणलं की ७७०. भागाकार ४.६७. उत्तर १.३ च्या आत असेल तर वण फारसे नसावेत. २.६७ च्या वर असेल तर बरेच असण्याची शक्यता मोठी, मग फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी, किंवा पोटाच्या डॉक्टरांची भेट. मधल्यांनाही पुढची तपासणी लागते. पासष्टीनंतर वयामुळेच आकडा वर सरकतो, तेवढं ध्यानात ठेवायचं. नेहमीच्या दोन रक्ततपासण्या आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर, एवढ्यावर हे होतं. प्रत्येक डायबिटीसच्या पेशंटचा हा आकडा वर्षातून एकदा काढला जावा, असं मला मनापासून वाटतं.

एकदाच का नाही? सहाच महिने का?

सोलापूरकरांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे, कारण एकदाच तपासणी करून जीव वाचतात हे आपल्या शेजारीच सिद्ध झालंय. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास झाला. आपल्या बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल त्यात होतं. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका होत्या. ज्या गटात एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, तपासणी फक्त एकदा केली, तिथे त्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ मध्ये हे निष्कर्ष छापून आले आणि साऱ्या जगानं त्यांची दखल घेतली. बार्शीबद्दल मला त्यासाठी कायम अभिमान वाटतो.

पण गर्भाशयमुखाचा कॅन्सर व्हायच्या आधी कित्येक वर्षं तिथली त्वचा बदलत असते, आणि तो बदल पकडता येतो. लिव्हरमध्ये एवढी सवड मिळत नाही. इथली गाठ साधारण चार ते सहा महिन्यांत दुप्पट होते. दुप्पट म्हणजे आकारमानानं. रुंदी दुप्पट व्हायला आकारमान तीनदा दुप्पट व्हावं लागतं. म्हणजे पाच महिन्यांना दुणावणारी १ सेंटिमीटरची गाठ २ सेंटिमीटर व्हायला सव्वा वर्ष घेईल. पण काही गाठी दोन महिन्यांतच दुणावतात, आणि त्यांना तेवढ्याच वाढीला सहा महिने पुरतात.

आता उपचार कुठपर्यंत सोपे असतात ते बघा. इटलीतल्या मिलान शहरातल्या डॉक्टरांनी १९९६ मध्ये एक माप सांगितलं, आजही लिव्हर बदलताना तेच आधी बघतात: एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येक ३ सेंटिमीटरच्या आत. गाठ २-३ सेंटिमीटरच्या आत सापडली तर बाहेरून सुई घालून ती उष्णतेनं जाळूनही टाकता येते. अशा लवकर सापडलेल्या, पूर्ण उपचार झालेल्या पेशंटपैकी निम्म्याहून जास्त पाच वर्षांनंतरही हयात असतात. गाठ शिरेत शिरल्यावर सापडली की हिशेब बहुतेकदा महिन्यांवर येतो. अण्णांचं तेच झालं. पहिल्या आणि दुसऱ्या सोनोग्राफीमध्ये त्यांच्या चार तपासण्या राहून गेल्या.

तीन महिन्यांनी का नाही, असंही लोक विचारतात. फ्रान्समध्ये तीन आणि सहा महिन्यांची तुलना झाली. तीन महिन्यांच्या गटात बारीकसारीक ठिपके जास्त सापडले, फायदा मात्र वाढला नाही. आणि मुळात या तपासणीनं जीव वाचतात का? शांघायमध्ये हिपॅटायटिसचा इतिहास असलेल्या सुमारे १९ हजार लोकांवर अभ्यास झाला, २००४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी नावाची रक्ततपासणी करायला बोलावलेल्या गटात लिव्हर कॅन्सरचे मृत्यू ३७ टक्के कमी होते. विशेष म्हणजे ठरलेल्या तपासण्यांपैकी साठ टक्केसुद्धा झाल्या नव्हत्या. अभ्यासात उणिवा होत्या, तज्ज्ञ त्यावर आजही वाद घालतात. सिरॉसिसच्या पेशंटवर तसा अभ्यास करायचा प्रयत्न ऑस्ट्रेलियात झाला, पण नीट समजावून सांगितल्यावर बहुतेक पेशंट म्हणाले, आमची तपासणी कराच, कुणाची करायची आणि कुणाची नाही ते चिठ्ठ्या टाकून ठरवू नका.

टेबलावर काय चालतं

तपासणी दोन भागांची: पोटाची सोनोग्राफी आणि रक्तातली एएफपी. दोन्ही दर सहा महिन्यांनी.

सोनोग्राफीची मर्यादा मी लपवणार नाही. सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये आधीच गोळेच गोळे असतात. त्यात कॅन्सरचा दीड सेंटिमीटरचा गोळा शोधणं म्हणजे नांगरलेल्या रानात ढेकळांमधून एक कांदा शोधणं. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा सुरुवातीच्या टप्प्यातल्या १०० कॅन्सरपैकी नुसत्या सोनोग्राफीत साधारण ४५ सापडले, आणि एएफपी जोडल्यावर ६३. म्हणजे एका फेरीत निसटलेली गाठ पुढच्या फेरीत हाती लागावी, यासाठीच फेऱ्या चुकवायच्या नाहीत. पोटावर चरबी जाड असेल, आतड्यात गॅस असेल तर लिव्हरचा काही भाग मला दिसतच नाही. अशा वेळी रिपोर्टमध्ये "नीट दिसलं नाही" असं लिहून घ्या. "गाठ नाही" आणि "दिसलं नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वारंवार दिसत नसेल तर सीटी किंवा एमआरआय करावा लागतो.

एएफपी हे एक प्रथिन. आईच्या पोटातल्या बाळाचं लिव्हर ते भरपूर बनवतं, जन्मानंतर ते कमी होतं, आणि कॅन्सरच्या काही पेशी जुनी सवय आठवल्यासारखं पुन्हा बनवू लागतात. २० च्या वर गेलं की आम्ही सावध होतो. पण साधारण एक तृतीयांश कॅन्सरमध्ये ते वाढतच नाही, आणि कॅन्सर नसतानाही हिपॅटायटिस भडकल्यावर किंवा गरोदरपणात वाढतं. म्हणून एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल महत्त्वाची. ६, ९, १७ अशी चढण दिसली तर २० ची वाट बघत बसू नये.

याच कारणानं "फुल बॉडी चेकअप" पॅकेजमध्ये तंदुरुस्त माणसाची एएफपी करणं मला पटत नाही. ज्याला धोकाच नाही त्याचा आकडा थोडा वर आला की सीटी, पुन्हा सीटी, महिनाभर झोप नाही, आणि शेवटी हाती काही नाही. ही तपासणी धोका असलेल्यांचीच. तसंच सिरॉसिस अगदी शेवटच्या टप्प्यात आहे आणि लिव्हर बदलणंही शक्य नाही, अशा पेशंटला दर सहा महिन्यांनी टेबलावर झोपवण्यात अर्थ नसतो. त्यांना आराम कसा पडेल ते बघावं. घरच्यांना हे सांगणं जड जातं, पण ते खरं आहे.

गाठ दिसलीच तर लगेच कॅन्सर समजू नका. १ सेंटिमीटरच्या आतली असेल तर साधारण तीन महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. त्याहून मोठी असेल तर ट्रायफेसिक सीटी, म्हणजे शिरेतून औषध सोडून तीन वेळांना काढलेले फोटो. याची युक्ती मला फार आवडते. समजा, एका रानाला दोन पाणी आहेत: उजनीचा कॅनॉल आणि बोअर. लिव्हरला तीन चतुर्थांश रक्त आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून मिळतं, तो कॅनॉल. उरलेलं धमनीतून, ते बोअर. कॅन्सरची गाठ कॅनॉलवर राहत नाही, ती स्वतःचे बोअर मारते. औषध सोडलं की अर्ध्या मिनिटाच्या आसपास ते धमनीतून पोचतं, तेव्हा गाठ एकटी पांढरी चमकते. मिनिटभरानं कॅनॉलचं पाणी येतं, सगळं लिव्हर उजळतं, आणि गाठीतलं औषध निघून गेल्यानं ती काळी पडते. आधी पांढरी, मग काळी, हे सिरॉसिसच्या पेशंटमध्ये स्पष्ट दिसलं तर बहुतेक वेळा सुईनं तुकडा काढायचीही गरज पडत नाही.

गड्डा आणि आषाढी

तारखा विसरतात, म्हणून मी आता पेशंटना तारीख देतच नाही. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा जानेवारीत, आषाढी एकादशी जून-जुलैत. मध्ये जवळपास सहा महिने. "एक गड्ड्याला, एक आषाढीला" एवढंच सांगते, आणि ते घरातल्या कुणाच्या ना कुणाच्या लक्षात राहतं. येताना सहा तास उपाशी या, नेहमीच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घ्या, आणि जुने सगळे रिपोर्ट आणा, पिशवीत कोंबून आणले तरी चालतील. नव्या फोटोपेक्षा कधी कधी जुना फोटोच जास्त बोलतो.

दोन गैरसमजांपायी लोक मध्येच थांबतात. पहिला, हिपॅटायटिस सी बरा झाला म्हणजे सुटलो. तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या ९५ हून जास्त लोकांतला विषाणू जातो, ही गेल्या काही वर्षांतली मोठी कमाई. पण तोवर सिरॉसिस झालेला असेल तर वण तसेच राहतात आणि तपासणीही चालूच राहते. दुसरा, बीच्या गोळ्या चालू आहेत मग काय भीती. टेनोफोविर, एन्टेकाविर धोका कमी करतात, शून्य करत नाहीत. बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. सिव्हिलमध्ये जाऊन विचारा, संकोच नको.

शेंगाचटणीबद्दलही विचारतात, म्हणून सांगते. बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं. ते लिव्हरच्या कॅन्सरला कारण ठरतं, आणि हिपॅटायटिस बी असलेल्यात तर कित्येक पटींनी. भाजल्यानं ते पूर्ण जात नाही. चटणी सोडू नका. पण दाणे निवडताना सुरकुतलेला, काळा पडलेला, कडू लागणारा दाणा सरळ फेका, आणि ओल लागलेलं पोतं स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका.

पंढरपूरकडचे एक माळकरी काका चार वर्षांपासून येतात. डायबिटीस आणि हिपॅटायटिस बी दोन्ही आहे, सिरॉसिस आहे, गाठ अजून नाही. आठ सहामाह्या झाल्या. त्यांच्यामुळे आम्ही घरातल्या सगळ्यांची एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बीची रक्ततपासणी, करायला लावली. धाकटा मुलगा पॉझिटिव्ह निघाला, बाकीच्यांना लसीचे तीन डोस दिले. सून गरोदर होती, तिची तपासणी निगेटिव्ह आली, तरीही नातवाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस मिळाली. धाकटा आता छत्तीसचा आहे. त्याच्या फायलीवर मी मराठीत, ठळक अक्षरांत लिहून ठेवलंय: चाळिशीपासून, गड्डा आणि आषाढी.